आता दाखवायचं कुणाला?

कॅन्सरचे उपचार चालू असतात तेव्हा रुग्णाचा प्रत्येक आठवडा आखलेला असतो. केमोची तारीख, तिच्या आधीची रक्ततपासणी, रेडिएशनची रोजची वेळ, डॉक्टरांच्या ओपीडीचा वार. फाईल कुठल्या खिडकीवर मिळते, हेही घरच्यांना पाठ झालेलं असतं. मग एके दिवशी डॉक्टर सांगतात, ‘‘उपचार पूर्ण झाले. आता तीन महिन्यांनी या.’’ घरी पेढे येतात, देवाला नारळ फुटतो. आणि पंधरा दिवसांनी पाठ दुखायला लागते. हे दुखणं साधं, की ‘तो’ परत आला? मोठ्या हॉस्पिटलची तारीख लांब आहे. गल्लीतले फॅमिली डॉक्टर म्हणतात, ‘‘तुमची कॅन्सरची केस आहे, तिकडेच विचारलेलं बरं.’’ तिकडे फोन लागला तर उत्तर मिळतं, ‘‘आधी जवळच्या डॉक्टरांना दाखवा.’’

दोन्ही डॉक्टर आपल्या कामात निष्णात असतात, दोघांनाही रुग्णाचं भलं हवं असतं. तरीही रुग्ण दोघांच्या मध्ये अडकतो, कारण कुणी काय बघायचं हे कुणी ठरवलेलंच नसतं. कॅन्सरनंतरच्या देखभालीतल्या प्रत्येक कामाला एक जबाबदार माणूस हवा, त्याचं नाव कागदावर हवं आणि रुग्णाला ते माहीत हवं. हे झालं की बरेच गोंधळ आपोआप सुटतात. कसे सुटतात, ते या प्रकरणात पाहू.

उशिरा विचारलेला प्रश्न

अमेरिकेतले डॉक्टर फिट्झह्यू मलन यांनी १९७५ साली स्वतःच्याच छातीच्या एक्स-रेवर गाठ पाहिली. वय होतं ३२. शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो, सगळ्यातून ते गेले आणि वाचले. दहा वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लेख लिहिला. कॅन्सरनंतरच्या आयुष्याचे त्यांनी तीन टप्पे सांगितले: उपचारांचा धकाधकीचा काळ, उपचार संपल्यावरचा धास्तीचा काळ, आणि आजार परत येण्याची शक्यता खूप कमी झाल्यानंतरचा दीर्घ काळ. बुडणाऱ्या माणसाला पाण्याबाहेर काढण्याचं तंत्र आपण फार प्रगत केलं, पण बाहेर काढल्यावर त्याला धक्क्यावर एकट्यालाच खोकत सोडून देतो, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्याच वर्षी कॅन्सरमधून वाचलेल्यांची एक राष्ट्रीय संघटना उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता.

वैद्यकीय व्यवस्थेनं या तक्रारीची मोठी दखल घ्यायला आणखी वीस वर्षं गेली. २००५ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं आपल्या अहवालात मांडलं, की उपचार संपवून नेहमीच्या आयुष्याकडे परतताना रुग्ण वाटेतच हरवतात. उपचारांनंतरच्या देखभालीची चार कामं अहवालानं सांगितली. आजार परत येऊ नये किंवा नवा कॅन्सर होऊ नये म्हणून काळजी घेणं. तो आलाच तर वेळेत ओळखणं. आजाराचे आणि उपचारांचे मागे राहिलेले त्रास दूर करणं. आणि ही तिन्ही कामं करणाऱ्या तज्ज्ञांचा आणि फॅमिली डॉक्टरांचा मेळ घालणं. आपल्याकडे ‘फॉलोअप’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दुसरंच काम येतं. पहिलं आणि तिसरं अर्धवट राहतं, आणि चौथं कुणाचंच नसतं.

आजार जातो, उपचारांच्या खुणा राहतात

तिसरं काम किती मोठं आहे, हे लहानपणी कॅन्सर झालेल्या मुलांनी जगाला दाखवलं. उत्तर अमेरिकेतल्या अशा १०,३९७ जणांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ते सरासरी २६-२७ वर्षांचे झाले होते, तरी त्यांच्यातल्या ६२ टक्क्यांहून अधिक जणांना निदान एक दीर्घकाळ टिकणारा आजार होता. सुमारे २७ टक्क्यांच्या बाबतीत तो गंभीर किंवा जिवावर बेतणारा होता. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं याची जाण फार आधी दाखवली. उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी तिथे १९९१ मध्ये स्वतंत्र क्लिनिक सुरू झालं. मूल मोठं होतं, शिकतं, नोकरीला लागतं, लग्न करतं, आणि या सगळ्या वाटेवर त्याची तपासणी चालू राहते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या साथीनं याच मुलांमधून ‘उगम’ हा गटही उभा राहिला.

मोठ्यांच्या बाबतीतही उपचारांच्या खुणा वर्षानुवर्षं शरीरात राहतात. त्या ठरावीक असतात, म्हणूनच त्यांच्यावर लक्ष ठेवता येतं. केमोतलं लाल रंगाचं औषध डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूंना इजा करू शकतं. आयुष्यभरात मिळालेला एकूण डोस जितका जास्त, तितका धोका अधिक. शरीराच्या दर चौरस मीटरमागे २५० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस गेला असेल, तर तो रुग्ण विशेष जोखमीचा धरतात. सिस्प्लॅटिनमुळे कानांची आणि मूत्रपिंडांची क्षमता घटू शकते. ते औषध मिळालेलं मूल शाळेत लक्ष देत नाही अशी तक्रार आली, तर आधी त्याचे कान तपासायला हवेत. ब्लिओमायसिनचा परिणाम फुप्फुसांवर होतो. ते घेतलेल्या माणसाची पुढे हर्नियाची साधी शस्त्रक्रिया असली, तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ही माहिती आधी मिळायला हवी, कारण ऑक्सिजन किती द्यायचा याचा विचार त्यावर ठरतो.

रेडिएशनचंही तसंच आहे. मानेवर रेडिएशन झालं असेल तर थायरॉइड मंदावू शकतो. थकवा, वजनवाढ, उदासी ही त्याची लक्षणं ‘कॅन्सरनंतर असं होतंच’ म्हणून सोडून दिली जातात. टीएसएच ही साधी रक्ततपासणी ते उलगडून देते. जबड्यावर रेडिएशन झालेल्याचा दात घाईनं काढला, तर तिथलं हाड भरून न येता सडू शकतं. दहा ते तीस या वयात छातीवर रेडिएशन झालेल्या मुलीची स्तनांची तपासणी रेडिएशननंतर ८ वर्षांनी किंवा वयाच्या २५व्या वर्षी, यांतलं जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी करायची असते.

यातली बहुतेक माणसं पंधरा वर्षांनंतर कॅन्सरतज्ज्ञाकडे जात नाहीत. ती जातात भूलतज्ज्ञाकडे, दाताच्या डॉक्टरकडे, बाळंतपणासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, आणि सर्वांत जास्त वेळा आपल्या फॅमिली डॉक्टरकडे. जुनी माहिती तिथे पोचलीच नाही, तर तज्ज्ञांचं सगळं ज्ञान हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये पडून राहतं.

फॅमिली डॉक्टरांना हे जमेल का?

रुग्णाच्या मनातली ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर शोधण्याचं काम कॅनडाच्या डॉक्टर ईव्हा ग्रुनफेल्ड यांनी चिकाटीनं केलं. स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या इंग्लंडमधल्या २९६ स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास १९९६ मध्ये आला. निम्म्या स्त्रियांचा फॉलोअप हॉस्पिटलमध्ये होत राहिला, निम्म्यांचा फॅमिली डॉक्टरांकडे, आणि कुणी कुठे जायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं होतं. फॅमिली डॉक्टरांकडच्या गटात आजार परतल्याचं निदान उशिरा झालं नाही, मनाची धास्तीही वाढली नाही. शिवाय एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. आजार परतला अशा २६ स्त्रियांपैकी १८ जणींना त्याची चाहूल दोन ठरलेल्या तारखांच्या मधल्या काळात लागली. हॉस्पिटलच्या गटात आजार परतलेल्या १६ जणींपैकी ७ जणीसुद्धा आधी आपल्या फॅमिली डॉक्टरकडेच गेल्या होत्या.

पुढे कॅनडातल्या ९६८ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार परतल्यामुळे हाड मोडणं, मज्जारज्जूवर दाब येणं अशा गंभीर घटना फॅमिली डॉक्टरांच्या गटात ३.५ टक्के आणि हॉस्पिटलच्या गटात ३.२ टक्के झाल्या, म्हणजे फरक नगण्य. मात्र या फॅमिली डॉक्टरांना वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. काय तपासायचं, केव्हा तपासायचं आणि कशाची शंका आली तर परत पाठवायचं, हे सांगणारं एका पानाचं टिपण प्रत्येकाला दिलं होतं, आणि रुग्णाला परत घेण्याची सोय होती. या दोन गोष्टींमुळेच निकाल विश्वासार्ह ठरतो.

‘जास्त तपासण्या म्हणजे जास्त सुरक्षितता’ हा समजही तपासून झालेला आहे. इटलीतल्या १,३२० स्त्रियांपैकी निम्म्यांचे हाडांचे स्कॅन, यकृताची सोनोग्राफी, छातीचे एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या नियमानं केल्या. उरलेल्यांना डॉक्टरांची तपासणी, दरवर्षी मॅमोग्राफी आणि लक्षण दिसलं तरच पुढची चाचणी. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा दोन्ही गटांत जगण्याचं प्रमाण सारखंच होतं. त्यामुळे स्तनाच्या कॅन्सरनंतर कसलाही त्रास नसताना दर सहा महिन्यांनी पेट स्कॅन किंवा ट्यूमर मार्कर करून पैसा आणि झोप घालवण्यात अर्थ नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची गोष्ट वेगळी. तिथे सीईए ही रक्ततपासणी, सीटी स्कॅन आणि ठरावीक अंतरानं कोलोनोस्कोपी उपयोगी पडते, कारण परतलेला आजार वेळेत सापडला तर तो शस्त्रक्रियेनं काढता येण्याची शक्यता असते. प्रत्येक कॅन्सरचं वेळापत्रक वेगळं असतं. म्हणूनच ते तज्ज्ञानं आखायचं आणि लिहून द्यायचं.

परळहून गावी

आपल्याकडे या प्रश्नाला अंतराची जोड आहे. परळला, टाटा मेमोरियलमध्ये तपासणीसाठी बीड, नंदुरबार, गडचिरोलीहून येणारं कुटुंब पाच मिनिटांच्या भेटीसाठी दोन-तीन दिवस मोडतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशनचा मोठा भार उचलला जातो. पण गाडीभाडं, मुंबईतला मुक्काम आणि बुडालेली मजुरी घरच्यांनाच सोसावी लागते. बरं वाटत असलं की मग पहिली तारीख चुकते ती शेतीच्या हंगामात, दुसरी लग्नसराईत, आणि नंतर जाणंच थांबतं.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे फार महागात पडतं. तो परत येतो तेव्हा बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, म्हणून सुरुवातीच्या भेटी जवळजवळच्या असतात. शिवाय वर्षानुवर्षं तंबाखू लागलेलं तोंडाचं सगळंच अस्तर धोक्यात आलेलं असतं, त्यामुळे एक गाठ काढली तरी दुसरीकडे नवी होऊ शकते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सवय सुटणं हे रोजचं काम आहे. ते काम मुंबईचा सर्जन तीन महिन्यांतून एकदा करू शकत नाही. तंबाखू पुन्हा सुरू झाली का, तोंड किती उघडतं, जबड्याचे व्यायाम चालू आहेत का, गालात पांढरा-लाल चट्टा किंवा न भरणारी जखम दिसते का, हे गावातला डॉक्टर बॅटरीच्या उजेडात दर महिन्याला पाहू शकतो.

हा डॉक्टर खेड्यात बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. ‘त्याला कॅन्सरमधलं काय कळणार’ असं म्हणून त्याला बाजूला ठेवणं रुग्णाच्या हिताचं नाही, कारण रुग्ण जाणार त्याच्याकडेच. केमोचा निर्णय त्यानं घ्यायचाच नाही. पण कोणतं लक्षण दिसलं की वाट न पाहता पाठवायचं, हे त्याला शिकवता येतं. बार्शीच्या परिसरात १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणीचं काम सुरू झालं. कार्यकर्ते गावोगावी जाऊन लोकांशी लक्षणांबद्दल बोलू लागले, तेव्हा गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यात ओळखला जाण्याचं प्रमाण वाढलं. गावापर्यंत पोचलेली नेमकी माहिती काय करू शकते, याचा हा आपल्या मातीतला पुरावा आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज देशातली तीनशेहून अधिक केंद्रं आहेत. एकसारखे उपचार हे तिचं उद्दिष्ट आहे. फॉलोअपचा काही भाग रुग्णाच्या जवळच्या केंद्रात होण्यासाठी याच जाळ्याचा उपयोग व्हायला हवा.

एक पान

मेळ घालायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? आधी एक पान लिहायचं. समजा, धाराशिव जिल्ह्यातल्या ५२ वर्षांच्या एका शिक्षिकेचे स्तनाच्या कॅन्सरचे उपचार मुंबईत पूर्ण झाले आहेत. त्यांना आधीपासून मधुमेह आहे. त्यांच्या फाईलीत दोनशे कागद असतील, पण फॅमिली डॉक्टरला हवं असतं ते इतकंच:

* आजार: उजवा स्तन, दुसरी स्टेज, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह.
* झालेले उपचार: शस्त्रक्रिया, काखेतल्या गाठी काढल्या. डॉक्सोरुबिसिनचे चार डोस, एकूण २४० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर. नंतर पॅक्लिटॅक्सेल. तीन आठवडे रेडिएशन.
* चालू औषध: लेट्रोझोल, रोज एक गोळी, निदान पाच वर्षं. विचारल्याशिवाय बंद करू नये.
* कॅन्सर केंद्राचं काम: वर्षातून एक भेट, लेट्रोझोलचा आढावा, मॅमोग्राफीचा रिपोर्ट पाहणं.
* फॅमिली डॉक्टरांचं काम: पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी. शुगर, बीपी, वजन, हाडांची घनता.
* ताबडतोब कळवायचं: स्तनात, काखेत किंवा गळ्याजवळ नवी गाठ, न थांबणारं हाडाचं दुखणं, चढत जाणारा दम, नव्यानं सुरू झालेली डोकेदुखी किंवा फिट, कावीळ, कारण नसताना घटणारं वजन.
* संपर्क: कॅन्सर केंद्रातल्या एका ठरलेल्या व्यक्तीचं नाव आणि फोन.

या पानावरची एकेक ओळ कामाची आहे. या बाईंच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या, तर तो मधुमेहाचा परिणाम असू शकतो आणि पॅक्लिटॅक्सेलचाही. फक्त मधुमेह माहीत असलेला डॉक्टर शुगरची गोळी वाढवेल. फक्त केमो माहीत असलेला डॉक्टर ‘हळूहळू कमी होईल’ म्हणेल आणि वाढलेली शुगर तशीच राहील. दोन्ही माहीत असलेलाच योग्य विचार करेल. दम लागला तर आजार परतल्याची शंका घ्यायची आणि हृदयाचा इकोही करायचा, हे डॉक्सोरुबिसिनचा आकडा सांगतो. हात लाल होऊन सुजला आणि ताप आला, तर मुंबईची तारीख न बघता त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू करायचं, हे काखेतल्या गाठींची नोंद सांगते. लेट्रोझोलनं हाडं ठिसूळ होऊ शकतात, म्हणून हाडांची घनता.

त्यांच्या जागी टॅमॉक्सिफेन घेणारी स्त्री असती, तर पानावर दोन वेगळ्या सूचना आल्या असत्या. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर लगेच स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायचं. आणि उदासीसाठी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन द्यायचं नाही, कारण शरीरात टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप तयार होण्यात ती औषधं अडथळा आणतात. चांगल्या हेतूनं लिहिलेली एक गोळी दुसऱ्या गोळीची ताकद कमी करते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, असं एका कागदाअभावी घडू शकतं.

परतीचं दार

पान लिहिलं की काम झालं असं मात्र नाही. ग्रुनफेल्ड यांनीच २०११ मध्ये ४०८ स्त्रियांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना त्यांच्या फॅमिली डॉक्टरांकडे सोपवलं होतं. अर्ध्यांना सविस्तर लेखी आराखडाही दिला होता. कॅन्सरमुळे होणारा मनस्ताप दोन्ही गटांत सारखाच निघाला, आराखड्यानं तो कमी झाला नाही. फरक पडला तो एका बाबतीत. ‘तुमच्या फॉलोअपची मुख्य जबाबदारी कुणाची?’ या प्रश्नाचं बरोबर उत्तर आराखडा मिळालेल्या ९८.७ टक्के स्त्रियांनी दिलं. न मिळालेल्यांत हे प्रमाण ८९.१ टक्के होतं. म्हणजे कागद जबाबदारी स्पष्ट करतो. मनाला आधार देण्यासाठी मात्र माणूसच लागतो.

म्हणून पानाबरोबर दोन गोष्टी हव्यात. पहिली, परतीचं दार. फॅमिली डॉक्टरनं फोन केला की त्याच्या रुग्णाला नव्या केसपेपरच्या रांगेत न लावता आठवड्याभरात तज्ज्ञानं पाहिलं पाहिजे. ही खात्री नसेल तर कुठलाही डॉक्टर जबाबदारी घेणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. दुसरी, पान अद्ययावत ठेवणं. फॅमिली डॉक्टरनं नवं औषध सुरू केलं तर ते त्याच पानावर चढलं पाहिजे. केंद्रानं गोळी बदलली तर तेही. आज रिपोर्टचा फोटो क्षणात पाठवता येतो, व्हिडिओ कॉलवर दोन डॉक्टर आणि रुग्ण एकत्र बोलू शकतात. रुग्णाच्या नोंदी देशभर जोडण्यासाठी २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनही सुरू आहे. साधनं आहेत, ती वापरण्यासाठी डॉक्टरांच्या दिवसात वेळ राखून ठेवायला हवा.

रिपोर्टमध्ये न दिसणारं

‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे ऐकूनही माणूस पूर्वीसारखा होत नाही. थकवा महिनोन्‌महिने टिकतो. तारीख जवळ आली की झोप उडते. जवळीक नकोशी होते, आणि नवरा-बायको त्याबद्दल बोलत नाहीत. मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून आईचा आजार लपवला जातो आणि गोळ्या शेजाऱ्यांच्या नजरेआड घेतल्या जातात. रोजच्या गोळीनं सांधे दुखतात, म्हणून ती परस्पर बंद होते आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना ‘घेते’ असंच सांगितलं जातं. हे सगळं घर ओळखणाऱ्या डॉक्टरला कळू शकतं. सासूची, मुलांची, कर्जाची माहिती त्याला असते. ‘‘गोळी खरंच घेता ना?’’ हा प्रश्न तो आपलेपणानं विचारू शकतो आणि त्याला खरं उत्तर मिळू शकतं. कॅन्सरतज्ज्ञाची जागा त्यानं घ्यावी असं कुणी म्हणत नाही. त्याची स्वतःची जागा या व्यवस्थेत कुणी मोजलेली नाही, ती मोजायला हवी.

उपचारांच्या शेवटच्या दिवशी

व्यवस्था बदलेल तेव्हा बदलेल. तोवर रुग्ण आणि घरचे स्वतः सुरुवात करू शकतात. उपचार संपतात त्या दिवशी पुढचे प्रश्न वहीत लिहून न्यावेत आणि उत्तरं मिळेपर्यंत विचारावेत. मला नेमकी कोणती औषधं, किती डोसमध्ये मिळाली? रेडिएशन शरीराच्या कोणत्या भागावर झालं? त्यांचे कोणते परिणाम पुढे दिसू शकतात? कोणत्या तपासण्या किती महिन्यांनी, आणि कोणत्या करायची गरज नाही? काय दिसलं तर तारखेची वाट न पाहता यायचं? त्या वेळी फोन कुणाला करायचा? आणि यातलं काय माझे फॅमिली डॉक्टर पाहतील, हे तुम्ही त्यांना कळवाल का?

गावी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात, कसलाही त्रास नसताना, ते पान घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जावं. एक प्रत त्यांच्याकडे द्यावी, एक घरात सर्वांना ठाऊक असेल अशा जागी ठेवावी, एक फोनमध्ये असावी. तज्ज्ञांनी हे पान प्रत्येक रुग्णाला न मागता द्यावं, आणि हॉस्पिटलांनी ते डिस्चार्ज कार्डाइतकंच सक्तीचं करावं. शस्त्रक्रियेचा खर्च उचलणाऱ्या सरकारी योजनांनी पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीलाही उपचारच मानावं. लाखो रुपये आणि अपार कष्ट घालून वाचवलेल्या माणसाला सांभाळायला त्या मानानं फार थोडं लागतं. ते थोडं कुणी करायचं, हे ठरवायला आता उशीर करू नये.